न पेटलेल्या भट्टीतली कवळी

१

मी आवकच्या टेबलाशी बसून चष्मा पुसते न पुसते तोच आतून मालकांची आरोळी आली.

“रिकामा! ट्रे रिकामा आहे!”

मी धावले. पॉलिशच्या टेबलावर पांढरा ट्रे होता, लख्ख, आत काही म्हणजे काही नाही. त्याच्या एका बाजूला मालक, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेले. दुसऱ्या बाजूला माझी धाकटी जाऊ. तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण बोलायला लागली की थांबायची नाही. त्या सकाळी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

“गाणाऱ्या आजोबांची कवळी,” मालक म्हणाले. “काल संध्याकाळी तुझ्या टेबलावर आली. पडदा सांगतोय. आता कुठे आहे?”

“माझ्याकडे आलीच नाही हो,” चिमणी कशीबशी म्हणाली.

आमची दातांची प्रयोगशाळा होती. दंतवैद्य तोंडाचे ठसे पाठवायचे, आम्ही कवळ्या करून परत द्यायचो. पण ही कवळी साधी नव्हती. गाणारे आजोबा म्हणजे ज्यांचा आवाज रेडिओवर लागला की रस्त्यातली माणसं थांबायची ते. त्यांच्या जुन्या कवळीत टाळूला सोन्याची पट्टी होती, बायकोच्या बांगड्या आटवून केलेली. तीच पट्टी नव्या कवळीत बसवून हवी होती. बायको जाऊन वर्षं लोटली होती, आणि त्याच संध्याकाळी आजोबांचा निरोपाचा कार्यक्रम होता. भरलेल्या सभागृहात, दातांशिवाय, ते काय गाणार होते?

“दुपारी पोलीस बोलावतो,” मालक म्हणाले. “तोवर कुणी बाहेर जायचं नाही.”

चिमणीने माझा हात घट्ट धरला. दीर तेव्हा पाय मोडून घरी पडले होते, घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललं होतं. आमच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. सोनं चोरल्याचा नुसता संशय आला असता तरी तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

“जाऊबाई, मी नाही घेतली,” ती कानात कुजबुजली.

“मला सांगायची गरज आहे का, वेडे?” मी म्हटलं.

पण भिंतीवरचा संगणकाचा पडदा वेगळंच सांगत होता.

२

पडद्याचं आधी सांगायला हवं. आमच्याकडे काम ओळीने चालायचं. आवकला ठसा यायचा. मेणाच्या टेबलावर दात बसायचे. मग सगळं प्लास्टरसकट एका पितळी डबीत बंद होऊन भट्टीत जायचं. तिथून पॉलिशला, पॉलिशहून मालकांच्या तपासणीला, शेवटी जावकला. डब्या सगळ्या एकसारख्या. कुणाची कवळी कुठली हे ट्रेवर चिकटवलेल्या रेघारेघांच्या पट्टीवरून कळायचं. ट्रे पुढच्या टेबलावर गेला की तिथल्या रीडरखाली ती पट्टी धरायची. टीट असा आवाज व्हायचा, आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्या ट्रेचा ठिपका एक घर पुढे सरकायचा.

ठिपका हिरवा असला की सगळं सुरळीत. एका घरात फार वेळ राहिला की पिवळा व्हायचा, आणि मग लाल. लाल झाला की मालक काचेच्या खोलीतून बाहेर यायचे आणि त्या टेबलाची सगळ्यांसमोर शोभा व्हायची. पडदा आल्यापासून ही शोभा जवळजवळ रोज एकाच टेबलाची होत होती. चिमणीच्या.

“तिकडे भट्टी बघ, कशी हिरवीगार,” मालक म्हणायचे. “आणि तू! गोगलगाय सुद्धा लाजेल.”

हा पडदा बसवला होता नकाशेबाईंनी. त्या कंपन्यांमध्ये जायच्या, काम कुठून कुठे जातं, कुठे तुंबतं हे संगणकात पकडायच्या आणि त्याचा नकाशा काढायच्या, म्हणून हे नाव. आखूड केस, सपाट चपला, आणि प्रश्न विचारताना मान अशी कलती करायच्या की समोरचा आपोआप जास्तच बोलून जायचा. मालकांनी फोन केला तशा धापा टाकत आल्या.

“तुमच्या यंत्रणेने चोर पकडला,” मालक म्हणाले. “फक्त पुरावा कागदावर काढून द्या.”

रिकामा ट्रे उचलून नकाशेबाईंनी उजेडात धरला, कोपऱ्यातून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिल्या. मग चिमणीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

“काल हा ट्रे तुमच्या रीडरखाली कुणी धरला?”

“ठाऊक नाही. मी दिवसभर मशीनशी असते, पाठ असते इकडे. ट्रे येतात, ढीग लागतो. वरचा घ्यायचा आणि घासायला लागायचं.”

“म्हणजे ट्रे आल्याची टीट तुम्ही करत नाही?”

चिमणीने माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे. “जो आणून ठेवतो तोच करतो. माझे हात ओले असतात ना.”

“आणि रिकामे ट्रे कधी येतात का?”

चिमणी हातातलं ओलं फडकं पिळायला लागली.

“बोला,” नकाशेबाई हळूच म्हणाल्या. “माझी यंत्रणा खरी असेल तर तुम्ही चोर ठरता. तुम्ही खऱ्या असाल तर माझी यंत्रणा खोटी. आज दोघींपैकी एकीचं नाव जाणार आहे.”

“येतात,” चिमणी म्हणाली. “मागून काम येतं. पण कोण आणतं ते मी सांगणार नाही. ते मला लेकीसारखं वागवतात.”

३

लेकीसारखं वागवणारा आमच्यात एकच माणूस होता, भट्टीवाले काका. आणि ते त्या सकाळी आलेच नव्हते!

“पळाला!” मालकांनी मांडीवर थाप मारली. “सोनं घेऊन पळाला. ही त्याला सामील!”

“कालच त्यांना निरोप आला होता,” मी म्हटलं. “त्यांच्या मुलीला दवाखान्यात नेलं म्हणून. बाळंतपणाचे दिवस भरलेत तिचे. जेवणाचा डबा सुद्धा इथेच टाकून धावत गेले.”

“कुठला दवाखाना?”

ते मला माहीत नव्हतं. मोबाइल तेव्हा फक्त मालकांकडे होता, आणि तोही मिरवण्यापुरता.

मेणवाल्या मास्तरांनी शपथेवर सांगितलं, की सोन्याच्या पट्टीसकट कवळी त्यांनी स्वतः काकांच्या हातात दिली. काकांनी ती डबीत बंद केलेली त्यांनी पाहिली. पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं.

मग नकाशेबाई जावककडे वळल्या. तिथे पार्सलराव बसायचे. माणूस गोड, पण त्या दिवशी घाम पुसून पुसून रुमाल पिळायची वेळ आली होती. टेबलाला पुढून निळा कापडी पडदा लावलेला होता आणि ते त्याच्यापुढे पाय फाकून बसले होते, अंड्यावर कोंबडी बसते तसे.

“काल तुमच्याकडून सगळी पार्सलं गेली?” बाईंनी मान कलती केली.

“गेली ना! पडद्यावर आहेच की. सगळी हिरवी.”

“जरा उठता का?”

“कशाला? माझे गुडघे दुखतात.”

“मग पाय तेवढे बाजूला घ्या.”

“बाई, माझ्या बायकोनेसुद्धा मला कधी असं—”

नकाशेबाईंनी खाली वाकून सर्रकन निळा पडदा बाजूला केला. टेबलाखाली खोकी होती. एकावर एक, पत्ते घातलेली, दोरी न बांधलेली. पडद्यावर जी पार्सलं काल केव्हाच गेली होती, ती सगळी इथे गुण्यागोविंदाने बसली होती!

मालकांनी एकेक खोकं फोडायला घेतलं. दात, दात आणि दात. पण सोनं कुठेच नाही.

“मी चोर नाही हो,” पार्सलराव रडकुंडीला आले. “पडदा पिवळा व्हायला लागला की माझ्या छातीत धडधडतं. म्हणून आधी टीट करून टाकतो, आणि मग सावकाश बांधतो. गाडी येईपर्यंत सगळं जातंच की! कुणाचं काय बिघडलं?”

“ही फसवणूक आहे!” मालक गरजले. “माझ्या छपराखाली!”

“मालक,” नकाशेबाई म्हणाल्या, “आपण सगळे जरा पडद्यासमोर जाऊ या का? मला काहीतरी दिसायला लागलंय. आणि जे दिसतंय ते मला मुळीच आवडत नाहीये.”

४

त्यांनी संगणकावर काहीतरी दाबलं आणि पडद्यावर गेले कित्येक महिने उलगडायला लागले. सगळे ठिपके मुंग्यांसारखे धावत सुटले. मी इतक्या वर्षांत असला तमाशा पाहिला नव्हता. आम्ही सगळे तोंड वासून उभे.

“भट्टीचं घर बघा,” त्या म्हणाल्या. “एखादा दात असतो, पूर्ण कवळी असते, जाड असते, पातळ असते. प्रत्येकीला वेगळा वेळ लागायला हवा. पण बघा, प्रत्येक ठिपका पिवळा व्हायच्या किंचित आधी बाहेर पडतो. प्रत्येक! एकही चुकत नाही.”

“ह्याला शिस्त म्हणतात,” मालक म्हणाले.

“शाळा सुटल्यावर पोरंसुद्धा इतक्या शिस्तीत बाहेर पडत नाहीत. आता तपासणीचं घर बघा.”

मालकांनी घसा खाकरला. “ते कशाला?”

तपासणीत ठिपके साचत होते, साचत होते, आणि मग सगळे एकदम भुर्रकन उडत होते. पुन्हा साचत होते, पुन्हा एकदम उडत होते.

“एका दमात इतक्या कवळ्या?” नकाशेबाईंनी विचारलं. “डोळा मिचकावायला तरी वेळ मिळतो का हो?”

मेणवाले मास्तर एकदम छताकडे बघायला लागले. पार्सलरावांना खोकला आला. मालकांच्या चेहऱ्याचा रंग मी आता सांगत नाही, पण पडद्यावर तो रंग आला असता तर ते स्वतःच काचेच्या खोलीतून बाहेर धावले असते. माझ्या टेबलाला कसली वेळमर्यादाच नव्हती, म्हणून मी तेवढी ताठ मानेने उभी राहू शकले.

“सगळे जण पडद्याला खूश ठेवत होते,” त्या म्हणाल्या. “ट्रे पुढे, काम मागे. माझीच चूक आहे. वेळा मी ठरवल्या, रंग मी दिले, आणि हिरवं दिसलं की समाधान मानून घरी गेले. काम खरंच कसं चालतं ते बघायला परत आलेच नाही.”

“म्हणजे म्हातारा पळाला हेच खरं!” मालक म्हणाले. “ट्रे पुढे ढकलला, कवळी खिशात घातली.”

“थांबा. एक गोष्ट अशी आहे जिला खोटं बोलता येत नाही. तुमची नवी भट्टी विजेची आहे आणि ती यंत्रणेला जोडलेली आहे. ती कधी तापली, किती तापली, हे तिचं तीच नोंदवते. पडद्यावर दाखवत नाही, म्हणून कुणी कधी पाहिलं नाही.”

त्यांची बोटं धावली. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले, अक्षरं काही कळत नव्हती, पण त्यांची मान ताठ झालेली कळली. त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“काल दुपारनंतर भट्टी पेटलीच नाही,” त्या म्हणाल्या. “आजोबांची कवळी भट्टीतून बाहेर पडली म्हणून टीट झाली, आणि भट्टी थंडगार होती.”



५

भट्टी पेटलीच नाही, म्हणजे कवळी भाजली गेलीच नाही. म्हणजे काकांनी डबी मास्तरांसमोर बंद केली ती केवळ दाखवायला. मालकांनी फोन उचलला. मला स्वतःला, खरं सांगते, त्या क्षणी काकांविषयी शंका आली.

“फोन खाली ठेवा,” नकाशेबाई म्हणाल्या.

“का?”

“हा ट्रे बघा. मी सकाळीच पाहिला. भट्टीतून आलेल्या कामासोबत प्लास्टरचा भुगा असतो. चिमणीच्या टेबलावरच्या दुसऱ्या प्रत्येक ट्रेमध्ये आहे. ह्यात कणभरही नाही. म्हणजे भट्टीनंतर ह्या ट्रेमध्ये काही ठेवलं गेलंच नाही. चिमणी ह्यातून सुटली.”

चिमणीने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मला आजही दिसतं.

“पण म्हातारा नाही सुटला,” मालक म्हणाले.

“चोराला काय हवं असतं? आपलं पाप दुसऱ्याच्या नावावर जावं. मग त्याने ट्रेमध्ये चिमूटभर भुगा का नाही टाकला? हा माणूस चोरी लपवत नव्हता, वेळ लपवत होता. रोज लपवायचा तसाच.” त्या येरझारा घालायला लागल्या. “त्याने बाकीच्या कवळ्या दुपारपर्यंत नव्या भट्टीत भाजल्या, हीच तेवढी नाही. का? सोन्याची पट्टी असलेली कवळी वेगळी भाजावी लागते का हो, मास्तर?”

“अहो, लागणारच!” मास्तर म्हणाले. “सोनं आणि कवळीचा गुलाबी मसाला, दोघांचं फुगणं वेगळं. नवी भट्टी झटकन तापते नि झटकन निवते. तडाच जाईल. असलं काम मंद आचेवर करायचं आणि भट्टीतच आपोआप निवू द्यायचं. पूर्वी जुन्या भट्टीत करायचो ना.”

“जुन्या?” नकाशेबाई जागच्या जागी थांबल्या. “कुठली जुनी?”

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. मागच्या कोठारात, प्लास्टरच्या पोत्यांच्या आड, लोखंडी दाराची जुनी भट्टी होती. नवी आली तेव्हापासून बंद. निदान आम्ही तरी तसंच समजत होतो.

“माझ्या नकाशात ती भट्टीच नाही,” नकाशेबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लकाकले. “माझ्या यंत्रणेला ती माहीतच नाही!”

आम्ही कोठाराकडे धावलो, मालक सगळ्यांत पुढे. पोती बाजूला झाली. मी लोखंडी दारावर हात ठेवला आणि ओरडलेच.

दार ऊबदार होतं.

६

आत एकच पितळी डबी होती, विटांच्या मधोमध, पाळण्यात ठेवावी तशी. मालकांनी फडक्यात धरून ती बाहेर काढली आणि हातोडी मागवली.

“आत्ता फोडू नका!” मास्तर म्हणाले. “गरम आहे, तडकेल.”

“आत आहे की नाही ते कळायला नको? तिकडे संध्याकाळी सभागृह भरणार आहे!”

“आहे,” नकाशेबाई म्हणाल्या.

“कशावरून?”

मालकांनी हातोडी उगारली, आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी पळत जाऊन उचलला.

“वहिनी, नात झाली! नात!” पलीकडून काका ओरडत होते. “जावळ बघा कसलं भरघोस! आणि हो, एक राहिलं सांगायचं. जुन्या भट्टीत आजोबांची कवळी आहे. हाताला गार लागल्याशिवाय कुणाला उघडू देऊ नका. माझी शपथ आहे.”

“थांबा!” मी तिथूनच किंचाळले. “हातोडी खाली!”

मग मी काकांना सगळं सांगितलं. पलीकडून त्यांचा आवाज आला, एकदम म्हातारा झालेला.

“चिमणीवर आळ आला? माझ्यामुळे? मी आत्ता येतो. पायी येतो.”

“तुम्ही नातीजवळ बसा,” मी म्हटलं. “पण आधी हिला काय ते सांगा.” आणि मी धावत आलेल्या चिमणीच्या कानाला फोन लावला. काका काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ती फक्त “असू द्या हो काका, असू द्या” म्हणत राहिली आणि रडता रडता हसत राहिली.

डबी निवायची वाट बघणं म्हणजे काय असतं, ते त्या दुपारी कळलं. आजोबांच्या सुनेचे फोनवर फोन येत होते. मालक घड्याळाकडे बघत होते, मास्तर डबीकडे. अखेर मास्तरांनी डबीला तळहात लावला आणि मान हलवली. प्लास्टर अलगद फुटलं. गुलाबी टाळूच्या मधोमध सोन्याची पट्टी झळकली, कुठे तडा नाही की ओरखडा नाही!

चिमणी मशीनशी बसली. त्या दिवशी तिचे हात कसे चालले! मालकांनी कवळी भिंगाखाली धरली, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली, पुन्हा पाहिली. पार्सलरावांनी ती बांधली, आणि बांधून झाल्यावरच टीट केली. मग स्वतः टॅक्सी करून घेऊन गेले.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे प्रयोगशाळेतच रेडिओभोवती बसलो. आजोबांचा पहिला सूर लागला आणि मेणवाल्या मास्तरांनी डोळे मिटून म्हटलं, “बसली. घट्ट बसली.”

दुसऱ्या दिवशी नकाशेबाईंनी सगळ्यांना समोर उभं केलं.

“एक दिवस,” त्या म्हणाल्या, “फक्त एक दिवस, काम होईल तेव्हाच टीट करायची. कुणी ओरडणार नाही. मालक, तुम्ही कबूल?”

मालकांनी जमिनीकडे बघून हुंकार भरला.

दुपारपर्यंत पडद्याने जे रूप घेतलं ते मी कधी विसरणार नाही. भट्टी लाल. मेण लाल. तपासणी तर अशी लाल, की मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले, पाहिलं, आणि मुकाट्याने परत आत गेले. जावक लाल. काठापासून काठापर्यंत सगळी भिंत लालभडक, आणि त्यात मधोमध एकच घर हिरवंगार. तिथे ठिपका यायचा आणि पिवळा व्हायच्या कितीतरी आधी पुढे निघून जायचा. यायचा, जायचा.

चिमणीची पाठ होती पडद्याकडे. मी तिचे खांदे धरून तिला वळवलं.

“हे कुठलं घर हो, जाऊबाई?” तिने ओल्या हातांनी विचारलं.

“तुझं,” मी म्हटलं.